वाचकांचे प्रश्न : बी झोपलेले की मेलेले?

या महिन्यातल्या बहुतेक पत्रांचा सूर एकच आहे. बी ताजे, टपोरे, भरीव; तरी उगवत नाही. मग जीए (जिबरेलिक आम्ल, वाढीचे संप्रेरक) किती लावू? सगळ्यांना आमची एकच विनंती आहे. बी कशासाठी अडून बसले आहे ते कळल्याशिवाय औषधाला हात लावू नका. टरफलातून पाणीच आत शिरत नसेल तर जिबरेलिक आम्लही बाहेरच राहते. उजेडाची गरज असलेले बी बोटभर खोल गाडले तर कितीही पाणी घातले तरी ते तसेच पडून राहते. आणि मेलेल्या बियाला कोणतेच रसायन उठवू शकत नाही.

लेट्यूसचे बी थंडीत तिसऱ्या दिवशी उगवते. त्याच पाकिटातले बी एप्रिलमध्ये ट्रेमध्ये टाकले तर शंभरात वीसही उगवले नाही. कोकोपीटने नीट झाकले होते, पाणी वेळेवर दिले होते. बियाणे खराब निघाले असे समजून तक्रार करावी का? (पॉलिहाऊसधारक, तालुका भोर)

तक्रारीची घाई करू नका. याच पाकिटातल्या शंभर बिया ओल्या टिश्यू पेपरवर, पारदर्शक डबीत, २० अंश सेल्सियसच्या आसपास उजेडात ठेवा. चार दिवसांत बहुतेक सगळ्या उगवल्या, तर बी चांगले आहे आणि अडचण तुमच्या ट्रेमध्ये आहे. आमचा अंदाज तोच आहे.

लेट्यूसला दोन गोष्टी एकदम अडवतात : उष्णता आणि अंधार. भिजलेल्या बियाला साधारण २५ ते ३० अंशांच्या वर तापमान लागले की बऱ्याच जातींची उगवण थांबते. या दोन्ही अडचणी एकमेकींत गुंतलेल्या असतात. गारव्यात जी जात अंधारातही उगवते, तीच थोड्या उष्णतेत उजेड मागू लागते. तुम्ही एप्रिलमध्ये बी झाकले, म्हणजे ज्या दिवसांत उजेड सर्वांत जास्त लागतो नेमक्या त्याच दिवसांत तो तोडला.

पुढच्या वेळी असे करा. ट्रे भरून आधी पूर्ण भिजवून घ्या. बी वरच ठेवा आणि बोटाने हलके दाबा, म्हणजे ते ओलाव्याला चिकटेल. झाकायचेच असेल तर व्हर्मिक्युलाइटचा (हलक्या, फुगवलेल्या खनिजाचा) १ ते २ मिलिमीटरचा थर पुरे. त्यातून उजेड झिरपतो. पेरणी संध्याकाळी पाचनंतर करा. पाणी शोषल्यानंतरचे पहिले काही तास निर्णायक असतात आणि ते रात्रीच्या गारव्यात गेले पाहिजेत. ट्रे लगेच पॉलिहाऊसमध्ये नेऊ नका. १८ ते २० अंशांच्या खोलीत, ट्यूबलाइटखाली, २४ ते ३६ तास ठेवा. पांढरे मूळ बियातून डोकावू लागले की उष्णतेचा अडसर संपतो.

थंड खोली नसेल तर बी ओलसर टिश्यूत गुंडाळून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात (४ ते ५ अंश) दोन दिवस ठेवा आणि मग पेरा. टिश्यू ओलसर असावा, पाणी साचलेला नसावा. बुडालेले बी गुदमरते. गोळीबंद, म्हणजे पेलेट केलेल्या बियाला हा उपाय करू नका, कारण गोळी विरघळून चिखल होतो. ते बी पेरून अख्खा ट्रेच गारव्यात ठेवा.

एक धोका लक्षात असू द्या. उष्णतेत भिजून बरेच दिवस पडलेले बी नंतर गारवा दिला तरी लगेच उठत नाही. त्याला नव्याने, अधिक पक्की सुप्तावस्था (बियाची झोप) आलेली असते. त्यामुळे फसलेला ट्रे जपून ठेवण्यात अर्थ नाही. नव्याने पेरा.

नववीच्या मुलांना ‘उजेड आणि उगवण’ हा प्रयोग करून दाखवायचा आहे. मागच्या वर्षी अंधारातले आणि उजेडातले बी सारखेच उगवले. काय चुकले? (विज्ञान शिक्षक, सोलापूर)

बहुधा मूग किंवा हरभरा घेतला असेल. मोठ्या बियांना उगवायला उजेड लागत नाही. हा प्रयोग लेट्यूसवरच करा, आणि ‘ग्रँड रॅपिड्स’ ही जात मिळाली तर फारच उत्तम. अमेरिकेत मेरीलँडमधल्या बेल्ट्सव्हिल येथे बोर्थविक, हेंड्रिक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये याच जातीवर आपला प्रसिद्ध प्रयोग केला. भिजवलेल्या बियांवर त्यांनी एक मिनिट लाल प्रकाश टाकला, तेव्हा सुमारे ७० टक्के बी उगवले. लालनंतर चार मिनिटे अतिलाल, म्हणजे डोळ्याला जेमतेम जाणवणाऱ्या सीमेवरचा प्रकाश दिला, तर उगवण ६ टक्क्यांवर आली. पुन्हा लाल दिला : ७४ टक्के. पुन्हा अतिलाल : ६ टक्के. शेवटचा झोत कोणता, एवढेच बी लक्षात ठेवत होते. बियात एक रंगद्रव्य आहे, त्याची दोन रूपे आहेत आणि प्रकाश त्यांची अदलाबदल करतो, हे यावरून ताडले गेले. १९५९ मध्ये ते रंगद्रव्य उपकरणावर प्रत्यक्ष दिसले. त्यालाच आपण फायटोक्रोम म्हणतो. ते ६६० नॅनोमीटरच्या आसपासच्या लाल प्रकाशाने जागे होते आणि ७३० च्या आसपासच्या अतिलाल प्रकाशाने निजते.

वर्गात हे महागड्या दिव्यांशिवाय दाखवता येते, कारण हिरवे पान हीच अतिलाल प्रकाशाची गाळणी आहे. पान लाल प्रकाश शोषून घेते आणि अतिलाल पलीकडे जाऊ देते. चार पेट्री डिश किंवा पारदर्शक झाकणाच्या डब्या घ्या. प्रत्येकीत ओल्या फिल्टर पेपरवर ५० बिया ठेवा. पहिली डबी उघड्या उजेडात ठेवा, दुसरी अॅल्युमिनियम फॉइलच्या दोन वेढ्यांत गुंडाळा, तिसरीवर ताज्या रुंद पानांचे दोन-तीन थर द्या, आणि चौथीवर काळ्या शेडनेटचे थर टाका, म्हणजे उजेड कमी होईल पण त्याचा रंग बदलणार नाही. चारही डब्या खिडकीजवळ, थेट ऊन लागणार नाही अशा ठेवा. ७२ तासांनी मोजा. तिसरी आणि चौथी डबी यांतला फरक हाच या प्रयोगाचा गाभा आहे. उजेड ‘किती’ यापेक्षा ‘कसला’ हे बियाला कळते, आणि डोक्यावर दुसऱ्या झाडाची सावली आहे हे ते तेवढ्यावरून ओळखते.

चुका कुठे होतात ते सांगतो. फॉइलची डबी ‘जरा बघू’ म्हणून मध्येच उघडली की अंधाराचा नमुना बाद. काही सेकंदांचा उजेडही पुरतो. बिया ठेवणे, पाणी घालणे आणि फॉइल गुंडाळणे हे सगळे झटपट, मंद हिरव्या उजेडात उरका. तापमान २४ ते २६ अंश हवे. डिसेंबरच्या गार रात्री खोली २० अंशांच्या खाली गेली तर अंधारातलेही बी उगवेल आणि मुले गोंधळतील. काही जण रिमोटमधला इन्फ्रारेड एलईडी वापरून अतिलाल दाखवू पाहतात. त्याचा प्रकाश बहुधा ९४० नॅनोमीटरचा असतो आणि फायटोक्रोमला तो दिसतच नाही. जुना तारेचा पिवळा बल्ब मात्र भरपूर अतिलाल देतो, ट्यूबलाइट जवळजवळ देत नाही. म्हणून रोपवाटिकेत उगवणीसाठी ट्यूबलाइट चांगली.

आणखी एक : कोरड्या बियाला प्रकाश समजत नाही. पेरण्याआधी बी उन्हात वाळवले म्हणजे त्याची उजेडाची गरज भागली, हा समज चुकीचा आहे. आधी पाणी, मग प्रकाश.

कोणते बी झाकायचे आणि कोणते नाही, याचा काही नियम आहे का? (वाचक, चिपळूण)

ढोबळ नियम असा : धुळीसारखे बारीक बी झाकू नका. पेटुनिया, बेगोनिया, अँटीर्‍हिनम, सेलरी आणि तंबाखू यांचे बी वरच राहू द्या. अशा बियात साठा इतका थोडा असतो की खोलीतून वर येईपर्यंत तो संपून जातो; उजेडाची अट हे त्याने स्वतःचे केलेले संरक्षण आहे. याउलट सदाफुली (बाजारात जिला व्हिंका म्हणतात) अंधारात चांगली उगवते. तिच्यावर ३ ते ५ मिलिमीटर माध्यम हवेच. फॅसेलिया आणि नायजेला यांनाही उजेड अडवतो. टोमॅटो, मिरची, वांगी यांना उजेडाचे फारसे पडलेले नसते, तिथे बियाच्या दुप्पट-तिप्पट जाडीचा थर द्यावा.

पपईच्या बियांना २०० पीपीएम (दहा लाख भागांत २०० भाग) जीएची प्रक्रिया करा असे सांगतात. दुकानातून जीएची बाटली आणली, त्यावर ०.००१ टक्के लिहिले आहे. किती मिली घ्यायचे? (रोपवाटिकाचालक, संगमनेर)

त्या बाटलीतून २०० पीपीएम कधीच होणार नाही. १ टक्का म्हणजे १०,००० पीपीएम, म्हणून ०.००१ टक्के म्हणजे फक्त १० पीपीएम. पाणी न घालता बी त्यात बुडवले तरी तुम्हाला हवे त्याच्या विसावा हिस्साच मिळेल. ती बाटली उभ्या पिकावर फवारण्यासाठी असते. द्राक्षवाले वापरतात ती ९० टक्के शुद्धतेची पावडर आणा.

एक लिटरसाठी ती पावडर ०.२२ ग्रॅम लागते. एवढे अचूक मोजायला सोनाराच्या काट्यासारखा काटा हवा. तो नसेल तर १ ग्रॅमची पूर्ण पुडी साडेचार लिटर पाण्यात वापरा. जीए पाण्यात नीट विरघळत नाही. ते आधी २५ ते ३० मिली अल्कोहोलमध्ये पूर्ण विरघळवा आणि मग ढवळत ढवळत पाण्यात ओता. थेट पाण्यात टाकाल तर तळाशी बसेल, काही बियांना जास्त आणि काहींना काहीच मिळणार नाही. क्षारयुक्त विहिरीच्या पाण्यात आणि उन्हात जीएची ताकद उतरते. सौम्य पाणी घ्या आणि द्रावण त्याच दिवशी संपवा.

पपईत मात्र जीएच्या आधी दुसरे काम आहे. बियाभोवती जो बुळबुळीत पडदा असतो त्यातच उगवण रोखणारे घटक असतात. फळातून काढलेले बी बारीक वाळू किंवा राखेत चोळून पडदा फोडा, चांगले धुवा, तरंगणारे फेकून द्या, सावलीत सुकवा. मग १२ तास जीएच्या द्रावणात ठेवा आणि लगेच पेरा. पाकीटबंद बियाचा पडदा आधीच काढलेला असतो.

जीए परवडत नसेल तर पोटॅशियम नायट्रेट वापरा, म्हणजे आपले १३:०:४५ हे विद्राव्य खत. हवाईमध्ये पपईवर १ मोलर द्रावणात १५ मिनिटे बुडवण्याची पद्धत तपासली गेली आहे. १ मोलर म्हणजे लिटरला सुमारे १०० ग्रॅम. घड्याळ लावून १५ मिनिटांनी काढा आणि धुऊन पेरा. इतक्या दाट क्षारात बी रात्रभर राहिले तर मरते. बीजपरीक्षण प्रयोगशाळेत माध्यम ओले करायला जे नायट्रेट वापरतात ते फक्त ०.२ टक्के, म्हणजे लिटरला २ ग्रॅम असते. दोन्ही आकडे लोक एकमेकांत मिसळतात, म्हणून मुद्दाम सांगितले.

आणि डिसेंबर-जानेवारीत पपई उगवत नसेल तर दोष थंडीचा आहे. वाफा किंवा ट्रे २५ ते ३० अंशांत ठेवा. जीएची मात्रा वाढवू नका. जास्त जीएने रोपे उंच, बारीक आणि फिकट होतात आणि लागवडीत कोलमडतात.

उन्हाळी भुईमूग मे महिन्यात काढला. त्याच शेंगा फोडून जूनमध्ये पेरल्या तर निम्मेही उगवले नाही. शेजाऱ्याच्या शेतात काढणीआधी पाऊस पडला तर शेंगांना जमिनीतच कोंब फुटले. दोघांचाही भुईमूगच, मग असे का? (शेतकरी, तालुका शिरोळ)

जात वेगळी असणार. उपट्या जातींच्या ताज्या बियात सुप्तावस्था जवळजवळ नसते; काढणीला उशीर झाला आणि पाऊस आला की कोंब फुटणारच. निमपसऱ्या आणि पसऱ्या जातींचे बी काढणीनंतर दोन-अडीच महिने झोपून राहते. पावसात तोच त्यांचा बचाव असतो, पण मेमध्ये काढून जूनमध्ये पेरायला निघालात की तोच आड येतो.

भुईमुगाची झोप मोडायला जीएपेक्षा इथिलीन वायू चांगला, आणि तो देणारे औषध म्हणजे इथ्रेल. ३९ टक्क्यांचे इथ्रेल अर्धा मिली प्रति लिटर पाण्यात घेतले की साधारण २०० पीपीएम होते. बी त्यात रात्रभर बुडवून ठेवू नका. भुईमुगाची साल पातळ असते, ती सुटते, दाणा दुभंगतो आणि उगवायच्या ऐवजी कुजतो. शेंगा हाताने फोडा, दाणे पसरून द्रावण शिंपडा, सगळे दाणे जेमतेम ओलावले की झाकणाच्या ड्रममध्ये रात्रभर ठेवा. काम वायू करतो, म्हणून झाकण घट्ट हवे. सकाळी सावलीत पसरून वरचा ओलावा जाऊ द्या, बुरशीनाशक चोळा, त्यानंतर जिवाणू संवर्धक, आणि त्याच दिवशी पेरा. द्रावण आयत्या वेळी करा. इथ्रेल आम्लधर्मी असेपर्यंत स्थिर असते. क्षारयुक्त पाण्यात मिसळले की वायू उडायला लागतो आणि द्रावणाची ताकद उतरत जाते.

आधी पन्नास दाण्यांवर करून पाहा. आणि शक्य असेल तर खरिपासाठी मागच्या खरिपाचे, शेंगेत साठवलेले बी वापरा. त्याची झोप आपोआप उतरलेली असते, औषधाचा खर्चच नाही.

सोयाबीनचे घरचे बी कमी उगवते. जीए किंवा पोटॅशियम नायट्रेट लावू का? (शेतकरी, जिल्हा वाशीम)

नाही. पेरणीपर्यंत सोयाबीनला सुप्तावस्था राहिलेलीच नसते. ते उगवत नाही तेव्हा जखमी किंवा मेलेले असते : मळणी यंत्राचे फेरे जास्त, थप्प्या उंच, पोती आपटणे, गोदामात दमटपणा. ओल्या गोणपाटावर शंभर दाणे मांडून, गुंडाळून, पाच-सहा दिवसांनी मोजा. ७० किंवा जास्त निघाले तर नेहमीचे प्रमाण ठेवा, थोडे कमी असतील तर त्या हिशेबाने बी वाढवा, फारच कमी असतील तर ते बी पेरू नका.

उन्हाळ्यात कोथिंबीर विरळ का उगवते? (वाचक, नारायणगाव)

आपण ज्याला धना म्हणतो ते बी नसून फळ असते आणि त्यात दोन बिया असतात. फळाच्या सालीत उगवण रोखणारे घटक असतात आणि ३० अंशांच्या वर धन्याला मुळातच त्रास होतो. धने चपलेने किंवा लाकडी फळीने हलके रगडून दोन डाळिंब्या सुट्या करा. पीठ होऊ देऊ नका. १२ तास भिजवा, मधे दोनदा पाणी बदला, कारण घटक धुऊन जायला हवेत. त्याच पाण्यात ठेवले तर ते बियाभोवतीच राहतात. पालकालाही हेच लागू. आपला देशी पालक बीटच्या कुळातला आहे आणि त्याच्या खडबडीत ‘बी’ची गाठ दोन-चार तास वाहत्या पाण्यात धुतली की उगवण सुधारते.

चंदनाचे बी तीन महिने झाले तरी उगवत नाही. (वाचक, तालुका अकोले)

ताज्या चंदनाच्या बियाला सुमारे दोन महिने सुप्तावस्था असते. त्यात कवच टणक, म्हणून उगवण रेंगाळते आणि एकसारखी होत नाही. काळी पडलेली पिकलेली फळे घेऊन गर त्याच दिवशी चोळून काढा, बी सावलीत सुकवा. पेरण्याआधी ५०० पीपीएम जीएत रात्रभर भिजवा; पावडरीचा हिशेब वर पपईत दिला आहे, इथे लिटरला सुमारे ०.५५ ग्रॅम. नंतर बुरशीनाशक लावून वाळूच्या वाफ्यात पेरा आणि उंदरांपासून जपा. वाळू स्वच्छ हवी, कारण चंदनाच्या वाफ्यात सूत्रकृमी आणि बुरशी मिळून रोपे बघता बघता आडवी करतात. प्रक्रिया केलेले बी तीन-चार आठवड्यांत वर यायला लागते. रोपाला चार-सहा पाने आली की पिशवीत हलवा आणि त्याच पिशवीत तूर लावा. चंदन अर्धपरोपजीवी आहे, सोबतीच्या मुळाशिवाय ते पिवळे पडून खुरटते. तूर फार वाढून चंदनावर सावली करू लागली तर छाटत राहा.

तुमचे बी किती जुने आहे तेही पाहा. नऊ-दहा महिन्यांनंतर चंदनाची उगवणक्षमता झपाट्याने घसरते. दहा बिया फोडून पाहा. आतला गर पांढरा, घट्ट, तेलकट असेल तर थांबा. तपकिरी, सुरकुतलेला किंवा पोकळ असेल तर वाफा मोडा.

बहाव्याच्या बियांना जीए लावला, काही फरक नाही. (शाळेची हरितसेना, धुळे)

फरक पडणार नव्हताच. बहावा, बाभूळ, सुबाभूळ यांच्या बियाच्या सालीतून पाणी आत जात नाही. रात्रभर भिजवून बी फुगले नाही म्हणजे हीच अडचण, आणि ही चाचणी फुकट आहे. थोड्या बिया असतील तर नखकापणीने किंवा खडबडीत सॅंडपेपरने कडेला सालीचा छोटा टवका काढा. ज्या टोकाला बी शेंगेला जोडलेले असते ते टोक सोडून, कारण कोंब त्याच बाजूला असतो. आतला पांढरा गर दिसला की थांबा. जास्त बिया असतील तर बियाच्या पाचपट पाणी उकळा, भांडे खाली उतरवा, दोन-तीन मिनिटे थांबून बी टाका आणि तसेच रात्रभर निवू द्या. चुलीवर बी उकळू नका. सकाळी फुगलेल्या पेरा, न फुगलेल्यांना पुन्हा तेच करा. गंधकाम्लाची पद्धत पुस्तकात वाचाल, पण मुलांच्या हाती ते आम्ल कोणत्याही कारणाने देऊ नका.

ऊस असेपर्यंत सरीत तण दिसत नाही, तोडणी होऊन नांगरट केली की हिरवेगार होते. रात्री नांगरले तर तण कमी येते हे खरे का? (ऊस उत्पादक, तालुका वाळवा)

अर्धे खरे. उसाच्या पानांखाली गाळून आलेल्या उजेडात अतिलालचा वाटा वाढतो आणि तणाचे बारीक बी थांबून राहते. नांगर मातीखालचे बी क्षणभर उजेडात आणतो आणि परत झाकतो. पुष्कळ तणांना तेवढा क्षणही पुरतो. यावरूनच रात्रीच्या मशागतीची कल्पना निघाली आणि जर्मनीत १९९० च्या सुमारास तिचे प्रयोग झाले. पण परिणाम जागोजागी वेगळे आले. वर राहिलेल्या बियाला सकाळी उजेड मिळतोच, आणि सगळ्याच तणांना उजेड लागत नाही. तुमच्याकडची लव्हाळा आणि हराळी तर बियावर अवलंबूनच नाहीत. एक गाठीतून फुटते, दुसरी कांडीतून.

त्यापेक्षा उजेडाचाच उपयोग करून घ्या. खोडव्यात पाचट सरीत पसरा. जाड थराखाली तणाच्या बियाला ना उजेड, ना दिवस-रात्रीच्या तापमानाचा फरक. नव्या लागवडीत पूर्वमशागत आधी पुरी करा, पाणी द्या, आठ-दहा दिवस तण उगवू द्या आणि मग कुळव फक्त वरच्या तीन-चार सेंटिमीटरमध्ये फिरवा. खोल गेलात तर नवे बी वर येते आणि सगळी मेहनत पुन्हा.

मातीतले बी आपोआप संपेल याची वाट पाहू नका. अमेरिकेत मिशिगनमध्ये विल्यम बील यांनी १८७९ मध्ये वाळूत मिसळलेल्या तणबियांच्या वीस बाटल्या पुरून ठेवल्या. त्यातली एक २०२१ मध्ये उकरली, तेव्हाही व्हर्बॅस्कम या तणाचे बी उगवले. १४१ वर्षांनी.

ज्वारीत टारफुला फार आहे. उपटतो, तरी दरवर्षी येतो. (शेतकरी, जिल्हा नांदेड)

टारफुला हे ज्वारीच्या मुळांवर जगणारे परोपजीवी तण आहे. त्याचे बी धुळीच्या कणाएवढे असते, एका झाडाला हजारोंनी लागते आणि जमिनीत कित्येक वर्षे टिकते. ते ओल्या, उबदार मातीत आठवडा-दोन आठवडे नुसते तयार होऊन बसते, पण उगवत नाही. ज्वारीच्या मुळातून झिरपणारे एक रसायन अगदी जवळ, काही मिलिमीटरवर पोचले तरच ते फुटते, कारण मूळ गाठायला त्याच्याकडे फक्त चार-पाच दिवसांचा साठा असतो. टारफुला जमिनीबाहेर दिसण्याआधीच त्याने ज्वारीला धरलेले असते. तुम्ही उपटता तेव्हा नुकसान होऊन गेलेले असते. तरीही फुलोऱ्याआधी उपटाच, पुढचे बी तरी थांबेल.

अशा प्रकारचे रसायन पहिल्यांदा १९६६ मध्ये वेगळे काढले गेले आणि तेही कापसाच्या मुळातून. कापसावर टारफुला जगू शकत नाही, पण कापसाची मुळे त्याला ‘उगव’ असे सांगतात. तो उगवतो, आधार मिळत नाही, आणि मरतो. तुमचा उपाय यातच आहे. त्या शेतात सलग दोन-तीन हंगाम ज्वारी, मका, बाजरी, ऊस काहीही नको. कापूस, भुईमूग, सूर्यफूल किंवा चवळी घ्या. अमेरिकेत १९५६ मध्ये कॅरोलायना भागात हे तण सापडले, तेव्हा जमिनीत इथिलीन वायू सोडून बी असेच फसवून उगवले आणि संपवले. ते खास यंत्रांचे काम आहे. तुम्ही शेतात इथ्रेल ओतू नका, पैसे वाया जातील.

ज्वारी घ्यावीच लागली तर खताकडे लक्ष द्या. स्फुरद कमी पडले की ज्वारीची मुळे हेच रसायन जास्त सोडतात. मुळात ती मातीतल्या उपकारक बुरशीला मदतीसाठी बोलावत असतात आणि टारफुला ती हाक चोरून ऐकतो. माती तपासून स्फुरद आणि नत्र पुरेसे द्या.

इथे कांगारू पॉ आणि इतर रानफुलांच्या बियांबरोबर ‘स्मोक वॉटर’ देतात. धुराने बी उगवते? कोकणात भातासाठी राब भाजतात तेही यासाठीच का? (वाचक, पर्थ, ऑस्ट्रेलिया)

धुराने उगवते, हो. वणव्यानंतर रान मोकळे होते आणि उजेड मिळतो. धुरातले रसायन बियाला तेवढी खबर देते. २००४ मध्ये तुमच्याच पर्थमधल्या संशोधकांनी जळालेल्या सेल्युलोजच्या धुरातून त्यातला एक महत्त्वाचा घटक ओळखला; त्या गटाला आता कॅरिकिन म्हणतात. त्याची अत्यल्प मात्राही पुरते, म्हणून बाटलीवर लिहिले आहे तेवढेच पातळ करा. दाट धूरपाणी उलट उगवण रोखते. पाकिटावरच्या सूचनेप्रमाणे भिजवून शरद ऋतूत, म्हणजे तुमच्याकडच्या एप्रिल-मेमध्ये पेरा, कारण उन्हाळ्याच्या उष्णतेत धूर देऊनही उपयोग होत नाही.

राब भाजण्याचे कारण मात्र वेगळे आहे. तिथे उष्णतेने वरच्या थरातले तणाचे बी मारायचे असते आणि राख खत म्हणून मिळते. भाताला धुराची गरज नाही.